जवळचा वाचक आणि दूरचा प्रेक्षक



यवतमाळ जिल्ह्यातल्या वार्ताहरांच्या या संमेलनात मी अध्यक्ष म्हणून बोलतो आहे. आज ज्या विषयावर बोलायचे आहे, तो आपल्या पोटाचा आहे आणि वाचकाच्या विश्वासाचाही आहे. मोबाइल आणि इंटरनेट आल्यावर बातमीचा धंदा कसा बदलला आणि बातमी वाचणारा माणूस कसा बदलला, हा तो विषय. त्याची चर्चा बहुधा मोठ्या वृत्तसमूहांच्या, वाहिन्यांच्या अंगाने होते. मला ती यवतमाळच्या अंगाने करायची आहे. हा जिल्हा त्यासाठी मुळीच अपुरा नाही.

१९१८ साली याच यवतमाळ गावातून लोकनायक बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलेले. बापूजी वणीचे. १९२८ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९३० च्या जुलैत त्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. पुढे साप्ताहिक बंद पडले. जवाहरलाल दर्डा यांनी तेच नाव घेऊन १९५० च्या दशकात यवतमाळातूनच ते पुन्हा काढले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून त्याचे दैनिक झाले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. तरी तो सांगतो, कारण त्या काळच्या अंकातली एक साधी गोष्ट आज आपल्या हातून निसटते आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापावी लागत, सोबत पत्ताही असे. ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस त्या पत्त्यावर येऊन जाब विचारू शकत होता आणि येतही होता. लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो, दोघे एकाच बाजारात भाजी घेत. या जवळिकीचे तोटे होते, दडपण होते, भीडही होती. पण चुकीचे लिहिले तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचे आहे, ही जाणीव लेखणीवर असे.

आपल्यातल्या ज्येष्ठांनी बातमीचे पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवले आहे. मग फॅक्स आला, नंतर संगणक, नंतर मोडेम. नागपुरात रात्री छापलेला अंक पहाटे जीपने यवतमाळात येऊ लागला आणि जिल्ह्यासाठी वेगळी पाने निघू लागली. तेव्हा आपण त्याचे स्वागतच केले. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची बातमी छापून येऊ लागली, हे चांगलेच झाले. पण पाने जितकी स्थानिक होत गेली, तितके वणीच्या वाचकाला उमरखेडचे काही कळेनासे झाले. पैनगंगेच्या काठावरचा पूर आणि वर्धेच्या काठावरच्या कोळसा खाणी एकाच जिल्ह्यात आहेत, हे भान पुरवणीच्या सोयीत विरत गेले. म्हणजे वाचकाची वाटणी मोबाइलच्या आधीच सुरू झाली होती, आणि ती आपण केली. सगळा दोष यंत्राच्या माथी मारण्याआधी हे मान्य केले पाहिजे.

खरा पालट ५ सप्टेंबर २०१६ नंतर झाला. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि आधी महिनाभर पुरवून वापरायचा एक जीबी डेटा बघता बघता रोजचा झाला. घाटंजीच्या मजुराच्या हातात जे आले, तेच मुंबईच्या शेअर दलालाच्या हातात होते. २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजारांची वस्ती असलेल्या या जिल्ह्यात किती कमी घरांत वर्तमानपत्र जात होते, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या घरात कधीच अंक गेला नाही, तिथे बातमी थेट मोबाइलवर पोहोचली. ही फार मोठी गोष्ट आहे. तिला कमी लेखणाऱ्यांशी माझे पटत नाही.

तिचा लाभ आपण याच गावात पाहिला. जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली इथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. १९७३ च्या गदिमांच्या संमेलनानंतर इतक्या वर्षांनी हा मान पुन्हा यवतमाळला मिळाला होता. उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या आणि त्यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. १९७३ साली असे घडले असते, तर न झालेले ते भाषण टंकलिखित कागदावर चार मित्रांत फिरले असते. २०१९ मध्ये ते मराठीत आणि इंग्रजीत हजारो मोबाइलवर पोहोचले. मंडपात जेवढ्यांनी ऐकले असते, त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते वाचले. आणि व्यासपीठावरून उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने. त्यांचे शब्दही त्याच वाटेने गावोगाव गेले. निमंत्रण रोखणाऱ्यांना शब्द रोखता आला नाही, हे या तंत्राचे उपकार आहेत आणि ते मी मोकळेपणाने मानतो.

पण त्याच्या दोनच महिने आधी याच जिल्ह्यात दुसरे काही घडले होते. पांढरकवडा आणि राळेगावच्या जंगलपट्ट्यात टी-१ नावाची वाघीण होती. दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. बोराटी आणि आसपासच्या गावांत कापूस वेचायला बाया एकट्या जात नव्हत्या, गुरे दिवसाढवळ्या बांधून ठेवली जात होती. तिला मारण्याच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. देशभरच्या समाजमाध्यमांवर तिला वाचवा म्हणून मोठी मोहीम चालली होती. गोळी कशी घातली, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, हे त्या मोहिमेतले प्रश्न रास्त होते आणि ते विचारायलाच हवे होते. मला खटकले ते वेगळेच. लाखो लोक त्या वाघिणीविषयी बोलत होते आणि त्यांतल्या फार थोड्यांना मेलेल्या तेरा माणसांपैकी एकाचे तरी नाव माहीत होते. ती नावे छापली होती ती आपल्या तालुका वार्ताहरांनी, आतल्या पानावर, तीन-चार ओळींत. जयदीप हर्डीकरांसारख्या पत्रकारांनी त्या गावांत जाऊन सविस्तर लिहिले, पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ने ते प्रसिद्ध केले. तेही डिजिटलच माध्यम होते. म्हणून दोष तंत्राचा आहे असे मी म्हणत नाही. जो प्रेक्षक दूर आहे आणि संख्येने अफाट आहे, तो आता जवळच्या वाचकापेक्षा जड झाला आहे. राळेगावच्या बातमीची किंमत राळेगावात ठरत नाही, हा तो बदल आहे.

आता कापसाकडे येतो, कारण आपल्या वाचकाचे सगळ्यांत मोठे नुकसान मला तिथे दिसते.

२०२२ च्या पूर्वार्धात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. कित्येकांनी तो त्याआधीच विकून टाकला होता. त्यांना ते लागले, आणि लागणारच. पुढच्या हंगामात वेचणी झाली तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० रुपये होता आणि बाजार त्याहून वर होता. तरी शेतकरी विकेना. घराघरांत कापूस भरून ठेवला, माणसे ओट्यावर निजली, लेकरांच्या अंगाला खाज सुटली. या काळात मोबाइलवर रोज सकाळी कापूसभावाचे व्हिडिओ येत. पडद्यावर लाल अक्षरांत बारा हजार, पंधरा हजार, आणि पुढे ‘विकू नका’. बोलणारा कोण, कुठला, त्याने कोणत्या बाजार समितीत फोन केला, गाठींच्या निर्यातीचे काय झाले, सरकीचा दर काय, यातले काहीच नसे. ज्या व्हिडिओत भाव चढणार असे सांगितले, तो लोकांनी एकमेकांना पाठवला. भाव उतरेल असे सांगणारा पाठवायचा कोणी? उन्हाळ्यापर्यंत भाव आठ हजारांच्या आत आला आणि घरातला पिवळा पडलेला कापूस पेरणीच्या तोंडावर मिळेल त्या दराने गेला. सगळा दोष त्या व्हिडिओंचा नव्हता. आदल्या वर्षाचा अनुभव होता, कर्ज होते, आशा होती. पण त्या आशेवर रोज कोणीतरी पाहणाऱ्यांचे आकडे मिळवत होते आणि त्यावर कमाई करत होते, हे खरे आहे. नुकसान झाल्यावर त्याच्या दारात जाऊन जाब विचारायला पत्ताच नव्हता.

आणि मित्रांनो, त्या सकाळी आपण कुठे होतो? आपल्या पानावर बाजारभावाची चौकट होती, आदल्या दिवशीची, बारीक टाइपात. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा इथल्या जिनिंगवर जाऊन, व्यापाऱ्याशी आणि अडत्याशी बोलून, आज हे का घडते आहे हे रोज सांगणारा एक माणूस जिल्ह्यात नव्हता. मागणी प्रचंड होती, वाचक तळमळत होता, आणि ती जागा आपण मोकळी सोडली.

मोकळी का सोडली, याचे उत्तर पैशांत आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नाही. किरकोळ मानधन आणि जाहिरातीवरचे कमिशन, यावर तो उभा आहे. ज्याच्याकडून पंधरा ऑगस्टची जाहिरात आणायची, त्याच्याच शाळेतल्या, संस्थेतल्या गैरव्यवहाराची बातमी त्याने द्यायची, अशी आपली अपेक्षा. साप्ताहिके जाहीर सूचना, निविदा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांवर जगत आली. वाढदिवस आता व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर फुकट साजरा होतो, दुकानदार आपली जाहिरात थेट मोबाइलवर देतो आणि ते पैसे जिल्ह्यातच काय, देशातही राहत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत अंक घरोघर टाकणे थांबले, तेव्हा आपण पानांची पीडीएफ पाठवू लागलो. त्या वेळी दुसरा इलाजही नव्हता. पण बातमी फुकट असते, अशी सवय त्या महिन्यांत वाचकाला पक्की लागली आणि कित्येक घरांतला बंद झालेला अंक परत सुरूच झाला नाही.

या पोकळीत गळ्यात ओळखपत्र आणि हातात बूम माइक घेतलेली काही माणसे शिरली. सरपंचाला, रेशन दुकानदाराला, हेडमास्तरांना कॅमेरा दाखवून पैसे मागणारी. यांच्यावर नुसते तोंडसुख घेऊन भागणार नाही. त्याच मोबाइलवर अत्यंत कष्टाने, खरे, पडताळून काम करणारी तरुण मुले-मुलीही आज या सभागृहात बसली आहेत. त्यांना नियतकालिकांची नोंदणी लागू नाही, शासनाच्या अधिस्वीकृतीचे दार त्यांना सहज उघडत नाही. चांगल्याला आणि खंडणीखोराला वेगळे ओळखायची सोय आपणच करून दिली पाहिजे, कारण वाचकाला दोघांच्या हातात बूम सारखाच दिसतो.

हे गांभीर्याने सांगतो, कारण पडताळणी सुटली की काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षेकरी भटक्या जमातीतल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाचची मर्यादा घातली. आपल्या जिल्ह्यातही पालावर राहणारी कुटुंबे दरवर्षी येतात. त्यांचे रक्षण कंपनीच्या मर्यादेवर सोडून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

आणखी एक वाचक आहे, ज्याला छापील पानाने कधी आपले म्हटलेच नाही. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, झरी-जामणी आणि केळापूरच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी, कित्येक गावांत गोंडी. छापण्याच्या खर्चात या भाषा बसत नव्हत्या. आवाजाला मात्र टाइपाचा खर्च नाही. गोरमाटी गाणी लाखो लोक मोबाइलवर ऐकतात. मग फवारणीच्या काळजीची सूचना गोरमाटीत आणि कोलामीत का नसावी? २०१७ च्या हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने या जिल्ह्यात किमान वीस शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावरची बारीक अक्षरातली सूचना त्यांच्या उपयोगाची नव्हती. तीन मिनिटांचा आवाज उपयोगी पडू शकला असता. नव्या तंत्राने आपल्या हाती दिलेली सगळ्यांत मोलाची संधी मला हीच वाटते, आणि ती आपण अजून नीट उचललेली नाही.

आता यंत्रे बातमी लिहूनही देऊ लागली आहेत. शीर्षक देतात, भाषांतर करतात, वाचूनही दाखवतात. ती जरूर वापरा. पण मारेगावच्या तहसीलवर आज कोण उपोषणाला बसले आणि का, हे कोणी जाऊन पाहिलेच नाही, तर कोणतेही यंत्र ते सांगू शकणार नाही. जाऊन पाहणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, एवढाच प्रश्न शेवटी उरतो.

म्हणून आज दुपारच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. जिल्ह्यातल्या दैनिकांनी, साप्ताहिकांनी आणि मोबाइलवर काम करणाऱ्यांनी मिळून कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या बाजाराचा रोजचा पडताळलेला वृत्तान्त द्यावा. तो आवाजात आणि मजकुरात, मराठीसह गोरमाटी, कोलामी आणि गोंडीत असावा. त्यावर बातमीदाराचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असावा. चूक झाली तर दुरुस्ती बातमी गेली त्याच मोबाइल-गटांत, तितक्याच ठळकपणे जावी. यासाठी वाचकाकडून लहानशी वर्गणी मागायला आपण लाजू नये. त्यातला पहिला वाटा तालुक्याच्या वार्ताहराला, महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळावा. मसुदा प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. त्यावर आधी तालुक्यांतून आलेल्या वार्ताहरांनी बोलावे, संपादकांनी नंतर, अशी माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे.