वारसा आणि वाटणी
(पालक मेळाव्यातील भाषण)



आजच्या विषयासाठी मी एका मराठी कादंबरीचा आधार घेत आहे. श्री. ना. पेंडसे यांची पहिली कादंबरी 'एल्गार' 1949 साली निघाली, आणि 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी 1987 साली. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड आहे. तिथल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ही कहाणी.

आपल्यापैकी कित्येकांचे मूळ गाव कोकणातच आहे. तिथे खोती हिंदूंकडे होती, तशी मुसलमान घराण्यांकडेही होती. 1949 च्या कायद्याने ती रद्द झाली. पण बाप मुलांना जमिनीबरोबर झाकलेल्या गोष्टीही देऊन जातो, हे अशी कादंबरी वाचताना मनात ठसते. जमीन वाटता येते. झाकलेली गोष्ट साऱ्या घराला भोगावी लागते.

तुम्ही म्हणाल, साकीनाक्यात कसली आली खोती? खैरानी रोडला एखादी खोली, एखादा गाळा, गावी चार गुंठे. पण भांडणाला तेवढे पुरते. वारसांचे हिस्से पवित्र कुरआनातच ठरवून दिलेले आहेत. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण निश्चित आहे. विधवेचा आहे, आईचा आहे. तरीही सातबाऱ्यावर वारस लावताना बहिणीचे नाव नेमके राहून जाते. 'तिच्या लग्नाला खर्च झाला, ती काही मागत नाही,' असे आपण म्हणतो. मागितले तर माहेर तुटेल, या भीतीने ती गप्प असते, हे मात्र बोलत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. खोलीची, गाळ्याची कागदपत्रे कुठे आहेत, कोणाचे देणे आहे, हे हयातीतच मुला-मुलींना एकत्र बसवून सांगा. वाटणीआधी मयताचे कर्ज फेडावे लागते. मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. हे नियम घरात सर्वांना ठाऊक असू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, सुटीत ही कादंबरी जरूर वाचा. मग आजी-आजोबांना विचारून आपल्या घराण्याची वंशावळ वहीत लिहून काढा. त्यात आत्या, फुफी, मावशी, खाला, सगळ्यांची नावे येऊ द्या. एखादे नाव सांगताना कोणी अडखळले, तर अदबीने कारण विचारा. कदाचित कोणाचा तरी हक्क तिथेच अडकलेला असेल.