पृथ्वीची ओढ आणि आपला जोर



आज आपण एका ताकदीविषयी बोलू. ती दिसत नाही. तिचा आवाज होत नाही. पण ती क्षणभरही सुट्टी घेत नाही. ती म्हणजे पृथ्वीची ओढ. पुस्तकात तिला गुरुत्वाकर्षण म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट रोजची आहे.

आधी आपल्या ओळखीचा जोर पाहू. आपण हातगाडी ढकलतो, दोर ओढतो, दार लोटतो. या कामांत तीन गोष्टी असतात. एक, हात किंवा दोर वस्तूला लागावा लागतो. दोन, जोर कोणीकडे लावायचा ते आपण ठरवतो. तीन, दमलो की आपण थांबतो.

पृथ्वीचे तसे नाही. देठ तुटला की आंबा खाली येतो. त्याला कोणी दोर बांधलेला नसतो. छत्री धरली तर ऊन अडते, पण ही ओढ अडत नाही. तिची दिशाही ठरलेली, नेहमी खाली, म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. आणि दमणे तिला माहीतच नाही.

आपण ज्याला वजन म्हणतो ते म्हणजे हीच ओढ. घागरीत १० लिटर पाणी असले तर त्या पाण्याचे वजन १० किलो. घागर उचलायची तर तिच्या वजनापेक्षा थोडा जास्त जोर वर लावावा लागतो. नुसती धरून ठेवायची तर बरोबर तेवढाच. जोर कमी पडला की घागर खाली जाते. म्हणजे हाताचा आणि पृथ्वीचा हा सामना रोज चालू असतो.

मग दहा क्विंटलची गाडी दोन बैल कशी ओढतात? ते काही ती उचलत नाहीत. गाडीचा भार जमीन तोलते. सपाट रस्त्यावर बैलांना फक्त चाकांचे घर्षण जिंकायचे असते. चढ लागला की मात्र पृथ्वीशी गाठ पडते. दहा हात चालल्यावर एक हात उंची वाढते, असा चढ घ्या. तेथे दहा क्विंटलची गाडी सुमारे एक क्विंटलच्या भाराने मागे खेचली जाते. म्हणून चढावर गाडी थांबवली की शहाणा गाडीवान आधी चाकामागे दगड लावतो. बैल दमतात, पृथ्वी दमत नाही, हे त्याला ठाऊक असते.

आपल्या पूर्वजांनी या ओढीकडून कामही करून घेतले. जुन्या माणसांनी मोट पाहिली असेल. मोटेची धाव विहिरीपासून उतरती केलेली असे. भरलेली मोट वर येताना बैल उताराने खाली जात. त्यामुळे बैलांच्या जोराला त्यांच्या वजनाचीही मदत होई. आता विजेचे पंप आले, पण त्या युक्तीतले शहाणपण खरेच.

आता एक गंमत. जमिनीवर टाचणी ठेवा आणि वरून लोहचुंबक न्या. टाचणी उडून चुंबकाला चिकटते. खालून सबंध पृथ्वी तिला ओढते आहे, तरी मुठीएवढा चुंबक जिंकतो! म्हणजे गुरुत्वाकर्षण मुळात फार दुबळे आहे. दोन माणसे शेजारी उभी राहिली तर तीही एकमेकांना ओढतात, पण ती ओढ इतकी किरकोळ की कोणाला कळतही नाही. पृथ्वीची ओढ जाणवते, कारण पृथ्वी प्रचंड आहे. तिच्या कणाकणाची ओढ एकत्र होते. थेंबे थेंबे तळे साचे, तसे हे आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पृथ्वीच्या या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहे. पुढे १६८७ साली इंग्लंडात न्यूटनने तिचे गणित मांडले. चंद्र पृथ्वीहून लहान, म्हणून तेथे ही ओढ सुमारे सहावा हिस्सा. येथे ६० किलोचे वाटणारे ओझे तेथे १० किलोचे वाटेल.

आता मुख्य गोष्ट नीट ऐका. माणूस ढकलतो तेव्हा एक धक्का देऊन थांबतो. पृथ्वी मात्र पडणाऱ्या वस्तूला सारखी ओढतच राहते. त्यामुळे तिचा वेग वाढत जातो. दगड पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट पडतो. दोन सेकंदांत तो ६४ फूट पडतो. तेव्हा त्याचा वेग तासाला ७० किलोमीटर होतो. मोटारगाडी धावते तसा!

हातात अर्धा किलोचा दगड काहीच वाटत नाही. पण तोच ६४ फुटांवरून पडला आणि पाऊण इंचात अडला, तर दणका सुमारे पाच क्विंटलच्या भाराएवढा बसतो. "एवढासा दगड काय करणार?" असे म्हणणे म्हणूनच चुकीचे. तो केवढा आहे एवढेच पाहू नका. तो किती उंचावरून येतो तेही पाहा.

दर उन्हाळ्यात विहिरींची कामे निघतात. खाली उतरणारा माणूस कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा असतो. तेव्हा एवढे पाळा. विहिरीच्या काठावर दगड, पहार, घमेले ठेवू नका. काठापासून माती दूर टाका. दोर, कडी आणि कप्पी रोज तपासा. भरलेली पाटी वर जाताना तिच्याखाली कोणीही उभे राहू नये. डोक्यावर टोपडे किंवा पागोटे पुरत नाही, हेल्मेटच हवे. वरच्या माणसाने आरोळी दिली तरी दोन सेकंदांत खालचा कोठे पळणार?

घरी एक प्रयोग करा. पुस्तकावर त्याहून लहान कागद ठेवा आणि पुस्तक आडवे सोडा. दोन्ही बरोबरच खाली येतात. मग कागद एकटाच सोडा. तो तरंगत येतो, कारण हवा त्याला अडवते. आम्ही शाळेत विचारत असू, "जड आधी पडते की हलके?" याचे उत्तर तुम्हीच शोधा. उद्याच्या वर्गात सांगा.

पृथ्वीशी वैर करून चालत नाही. तिची रीत ओळखली, तर तीच आपल्या उपयोगी पडते.