सामन्यापूर्वींचा सामना

सातारा आणि सांगली येथील महाविद्यालयांचे संघ कबड्डीच्या मैदानावर समोरासमोर उभे राहिले, म्हणजे भोंवतीं जमलेल्या मंडळींस दिसतो तो चाळीस मिनिटांचा खेळ. शिट्टी वाजते, चढाई करणारा मध्यरेषा ओलांडतो, टाळ्या आणि आरोळ्या यांनीं आसमंत दणाणून जातो, आणि दिवस मावळण्यापूर्वीं एक संघ हंसत व दुसरा मान खालीं घालून परततो. परंतु या चाळीस मिनिटांमागें जे कित्येक आठवडे उभे असतात, ते पाहावयास कोणी जमत नाहीं. हंगामांतील पहिला सामना, आणि तोहि शेजाऱ्याशीं, खेळावयाचा असला म्हणजे जी तयारी होते, तिचा विचार येथें करावयाचा आहे. कारण विद्यार्थ्याच्या हातीं कायमचें जें कांहीं लागतें, तें बहुधा त्या आठवड्यांतच लागतें.

ही शेजाऱ्यांची चुरस मोठी गमतीची आहे. महाबळेश्वरास उगम पावलेली कृष्णा वाईवरून वाहत येते, कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेते आणि पुढें सांगलीच्या घाटास लागते. दोन्हीं गांवें एकाच पाण्यावर वाढलेलीं. सन १९४९ पर्यंत वाळवें, शिराळें, तासगांव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यांतच मोडत. त्या वर्षीं जुन्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि सांगली, मिरज, जत या विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख दक्षिण भागास जोडला गेला. पुढें १९६० सालीं या दक्षिण भागास सांगली जिल्हा हें नांव मिळालें. क्रांतिसिंह नाना पाटील यांचें येडेमच्छिंद्र हें गांव आज सांगली जिल्ह्यांत आहे. पण त्यांचें प्रतिसरकार मात्र साताऱ्याचेंच म्हणून इतिहासांत ओळखलें जातें. सारांश, ही चुरस परक्यांची नव्हे, भाऊबंदांची आहे. आणि भाऊबंद म्हटले कीं जिव्हाळाहि येतो आणि ईर्ष्याहि येते.

सांगलीचें विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचें. साताऱ्याचें छत्रपति शिवाजी महाविद्यालय कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं उभें केलेलें. १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें आणि दोन्हीं जिल्ह्यांतील महाविद्यालयें एका छत्राखालीं आलीं. एका छत्राखालीं आलेलीं मुलें एकमेकांशीं झुंजावयाचींच. जेथें जेथें खेळ रुजला, तेथें तेथें अशा जोड्या जमल्या आहेत. कोलकात्यांत १८८९ सालचा मोहन बागान आणि १९२० सालचा ईस्ट बंगाल हे दोन संघ पिढ्यान् पिढ्या झगडत आले; आणि जवळच्या कोल्हापुरांत तर फुटबॉलच्या मैदानावर पेठाच एकमेकींसमोर उभ्या राहतात.

मराठी मुलखांत कबड्डी पूर्वीं हुतुतू या नांवानें ओळखली जाई. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रांत तिचे नियम बसविले गेले, १९२३ सालीं ते छापून निघाले, व त्याच वर्षीं बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं तिचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिला स्थान मिळालें. नियम एकरूप होण्यापूर्वीं या खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. अमर प्रकारांत बाद झालेला गडी मैदानांतच राही. समोरच्या संघास गुण तेवढा मिळे. गामिनी प्रकारांत बाद झालेला गडी, सारा संघ बाद होईपर्यंत, बाहेर बसून राही. संजीवनी प्रकारांत मात्र एखाद्या सोबत्यानें समोरचा गडी बाद केला, कीं बाहेर बसलेला गडी पुन्हां जिवंत होऊन आंत येई. आजचा खेळ या संजीवनीवर उभा आहे. बाद झालेल्याचा जीव त्याच्या स्वतःच्या हातीं नसून सोबत्याच्या हातीं असतो, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां तयारीकडे वळावें. जून महिन्यांत महाविद्यालयें उघडतात, तेव्हां साताऱ्याकडे पावसाची झोड असते. सांगलीकडे पाऊस कमी. परंतु तेथील काळी माती एकदां भिजली, कीं पाय उचलूं देत नाहीं. म्हणून उघडीप मिळतांच पहिलें काम असतें तें मैदानाचें. पुरुषांच्या खेळासाठीं तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद, आणि मुलींच्या खेळासाठीं बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद, एवढी जागा लागते. तिच्यांतील खडे वेचणें, माती चाळून पसरणें, पाणी शिंपडून ती दाबणें, आणि शेवटीं दोरी धरून फक्कीनें रेषा आंखणें, हें सारें मुलांनींच करावयाचें असतें. ज्यानें खडे वेचले, तो त्या मैदानावर बेफिकीरपणें दुसऱ्यास आपटीत नाहीं.

अलीकडे मोठे सामने मातीवर न होतां मॅटवर होतात, आणि त्यामुळें एक नवी अडचण उभी राहिली आहे. मातींत अनवाणी पाय किंचित् रुततो आणि जागा धरतो. मॅटवर बूट घालून खेळावें लागतें, वळण जलद घेतां येतें, पण पाऊल कोठें थांबेल याचा अंदाज निराळा असतो. ज्या महाविद्यालयापाशीं मॅट नाहीं, तेथील मुलास पहिल्याच सामन्यांत शेजाऱ्याशींहि झगडावें लागतें आणि पायांखालच्या अनोळखी जमिनीशींहि. जाणता शिक्षक अशा वेळीं दुसऱ्या महाविद्यालयाकडे शब्द टाकून चार दिवस तरी त्यांच्या मॅटवर सराव मागून घेतो. यांत कमीपणा कांहीं नाहीं. मुलाचा गुडघा त्याहून मोलाचा असतो.

मैदान सिद्ध झाल्यावर दमाची पाळी येते. एका चढाईस तीस सेकंद मिळतात, आणि तेवढा वेळ 'कबड्डी' हा शब्द न थांबतां, पंचांस ऐकूं जाईल असा, उच्चारीत राहावें लागतें. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होतो; मध्यें पांच मिनिटांची विश्रांति असते. प्रत्येक चढाई पुरते तीस सेकंद चालली असें धरलें, तर चाळीस मिनिटांत ऐंशी चढाया होतात; म्हणजे एकेका संघाच्या वांट्यास चाळीस. त्या बहुधा दोघां-तिघांनाच कराव्या लागतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यांत डावपेच बाजूस ठेवून धांवणें, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठका, आणि तोंडानें उच्चार करीत केलेल्या चढाया, एवढाच क्रम ठेवणें इष्ट. ज्याचा दम दहाव्या चढाईस तुटतो, त्याची चपळाई अकराव्या चढाईस उपयोगीं पडत नाहीं.

दमानंतर येते पकड. समोरचा गडी एकटा आणि आपण सात, हें पाहून नवख्या मुलास वाटतें, पकड सोपी आहे. प्रत्यक्षांत एकट्यानेंच झेप घेणारा रक्षक बहुधा स्वतः बाद होतो. डाव्या आणि उजव्या कोपऱ्यावरचे दोघे आपापली जागा राखतात. मधले गडी जोडीजोडीनें हात धरून साखळी करतात. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून बोनस रेषेकडे पाय टाकतो, त्याच क्षणीं एकानें घोटा धरावा, दुसऱ्यानें कंबरेस मिठी घालावी आणि तिसऱ्यानें परतीची वाट अडवावी लागते. यांत बोलावयास अवसर नसतो. सोबती आतां झेपावणार, हें त्याच्या बोटांच्या दाबावरून ओळखावें लागतें. आणि तें ओळखणें महिना महिना एकमेकांचा हात धरून उभें राहिल्यावांचून येत नाहीं.

एवढा वेळ मुलांनीं आणावयाचा कोठून? कित्येक मुलें पहिल्या एस. टी. नें खेड्यावरून येतात, तीं घरच्या जनावरांचें पाहून निघालेलीं असतात. साताऱ्याकडे 'कमवा आणि शिका' योजनेंत शिकणारा विद्यार्थी तर श्रमाचे तास भरून मगच मैदानावर येतो. अशा मुलापुढें व्यायामाइतकाच अन्नाचा प्रश्न असतो. त्यांत पुन्हां वजनाची मर्यादा आड येते. वजन थोडें अधिक भरतें असें दिसलें, कीं मुलें शेवटचे दोन दिवस जेवण सोडतात, पाणीहि तोडतात. असें उतरलेलें वजन शरीरांतील पाण्याचें असतें. त्याबरोबर शक्ति उतरते, पायांत गोळे येतात, घेरी येते, क्वचित् जिवावरहि बेततें. वजनाचा कांटा सहा आठवडे आधीं पाहावा आणि रोजच्या आहारानें हळूहळू खालीं आणावा. आदल्या रात्रीं पाहूं नये.

आतां या तयारीचा जो गाभा, ज्याचें नांव वर्तमानपत्रांत कधीं छापलें जात नाहीं, त्याकडे यावें. चाचणीस कितीहि मुलें आलीं तरी संघांत नांवें बाराच असतात. सात मैदानांत आणि पांच राखीव. परंतु हे बारा जण सराव करतात तो कोणाशीं? निवड न झालेल्यांशीं. एवढेंच नव्हे, तर सामना सांगलीशीं असला, कीं साताऱ्याच्या मैदानावर या उरलेल्या मुलांस सांगली व्हावें लागतें. आणि सांगलीच्या मैदानावर सातारा. समोरच्या संघाचा मुख्य चढाईपटू डावीकडून शिरतो कीं उजवीकडून, हात आधीं पुढें करतो कीं पाय, त्यांचे कोपरे केव्हां झेपावतात, हें सारें पाहून, शिकून, त्यांनीं तसेंच्या तसें करून दाखवावयाचें. रोज शेजाऱ्याचें सोंग घ्यावयाचें, रोज आपटी खावयाची, आणि ज्या दिवशीं तें सोंग उत्तम वठतें, त्या दिवशीं आपल्याच जागेवर निवडला गेलेला सोबती अधिक तयार होतो! विजयी सात जणांच्या अंगांतलें निम्में कौशल्य या मुलांनीं घातलेलें असतें.

म्हणूनच सामन्याच्या आधीं यादी वाचली जाते, ती घटका फार नाजूक असते. जें नांव यादींत येत नाहीं, तें एका मुलाचें असतें. त्यानें पहांटेची झोंप मोडलेली असते, घरच्यांचा रोष पत्करलेला असतो. त्या संध्याकाळीं कोणी त्याच्याशीं दोन शब्द बोललें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं तो मैदानावर येत नाहीं. आणि मैदान सुटल्यावर कित्येकांचें वर्गांतलेंहि लक्ष उडतें. गामिनी प्रकारांतल्या गड्यासारखा तो बाहेर बसतो तो बसतोच. ज्या शिक्षकानें संजीवनीचा नियम मैदानावर शिकविला, त्यानें तो येथें पाळून दाखवावा. यादी फलकावर लावण्यापूर्वीं वगळलेल्या मुलास एकांतीं बोलावून कारण सांगावें. कोणत्या गोष्टींत उणा पडला, तें स्पष्ट करावें. आणि सामन्यास त्याला संघाबरोबर न्यावें. संघाच्या कर्णधारानेंहि, आपण कोणाच्या अंगावर शिकलों, हें चारचौघांत सांगण्याचा संकोच करूं नये.

शेजारी हरला पाहिजे, एवढीच ईर्ष्या धरून सहा आठवडे काढणाऱ्या संघाची दृष्टि मात्र अधू होते. पहिल्या सामन्याचा निकाल म्हणजे हंगामाचा निकाल नव्हे. २०१६ सालीं अहमदाबादेस विश्वचषकाचे सामने झाले, तेव्हां पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास ३४ विरुद्ध ३२ गुणांनीं हरविलें. तोच भारतीय संघ पुढें इराणास नमवून विश्वविजेता ठरला. उलट १९९० पासून आशियाई स्पर्धांतील पुरुषांचीं सातहि सुवर्णपदकें मिळविणारा भारत २०१८ सालीं जाकार्तास उपांत्य सामन्यांत इराणकडून पराभूत झाला, आणि तें पदक २०२३ सालीं हांगझौ येथें झालेल्या स्पर्धेंत त्यास पुन्हां मिळवावें लागलें. समोरचा संघ आपल्यापेक्षां अधिक काळजीनें आपणांकडे पाहत असतो, हें पहिल्यास हरल्यानंतर कळलें आणि दुसऱ्यास जिंकत असतांना कळलें नाहीं.

सातारा जिंको वा सांगली, सामना संपल्यावर दोन्हीं संघ एकमेकांचे हात हातीं घेतात आणि आपापल्या गाडीस लागतात. दोन दिवसांनीं मैदानावर पुन्हां पाणी शिंपडलें जातें आणि फक्की पडते. दोरीचें एक टोंक यादींतल्या मुलानें आणि दुसरें टोंक यादीबाहेरच्या मुलानें धरलें असेल, तर त्या महाविद्यालयाची तयारी ठीक चालली आहे असें समजावें. कारण पुढच्या सामन्याची यादी अजून लिहावयाची असते.