आकाशातला मृग



देवादिकांच्या कथांवर मी दोन शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी एकच कथा घेते, आणि तीही मुलींपुढे सांगताना आपली जीभ अडखळते अशी.

ऐतरेय ब्राह्मणात ती आहे. सृष्टीचा कर्ता प्रजापती स्वतःच्याच कन्येच्या मागे लागला. ती हरिणी झाली, तसा हा मृग झाला. देव संतापले. त्यांनी आपली सारी घोर रूपे एकवटून एक उग्र देव घडविला आणि त्याने बाण मारून मृगाला विंधले.

ही कथा आकाशात मांडलेली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून परतताना पूर्वेकडे पाहा. चार ताऱ्यांचा चौकोन हे मृगाचे पाय. मधले एका ओळीतले तीन तारे हा बाण. ती ओळ खाली वाढवली की तेजस्वी व्याध लागतो, वर वाढवली की तांबूस रोहिणी. तीच ती कन्या.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ या ग्रंथात याचा अर्थ लावला. प्रजापती म्हणजे संवत्सर. इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे वसंतसंपात मृगात होता, म्हणजे दिवस-रात्र समान होत तेव्हा सूर्य मृगात असे. हा बिंदू दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. तो मृगाकडून रोहिणीकडे सरकला, तीच ही कथा. मार्गशीर्षाचे जुने नाव आग्रहायण, म्हणजे वर्षारंभाचा महिना. आपण गुरुवार करतो तो हाच! जर्मनीचे याकोबी त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले. थीबो, व्हिटनी आदी पंडितांनी मात्र आक्षेप घेतले. तेव्हा हा सिद्धांत नव्हे, एक समर्थ तर्क आहे असेच मी म्हणेन.

कित्येक जण म्हणतात, ‘हे तर नुसते तारे, कथेत लाजण्यासारखे काही उरलेच नाही.’ मला हे पटत नाही. अर्थ ताऱ्यांचा लावला म्हणून कथेतला न्याय पुसला जात नाही. कन्येवर वाकडी नजर टाकणारा प्रत्यक्ष सृष्टिकर्ता होता, तरी देवांनी त्याची गय केली नाही. घरची अब्रू म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आपल्या अंकुशनगरच्या शिवारात मिरगाच्या पावसाची वाट सारेच पाहतात. आता मुलींना तो मृगही दाखवा, आणि त्याच्या अंगात रुतलेला बाणही दाखवा.