रक्तगटावरून माणूस ओळखता येतो का?

(जयसिंगपूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग आपल्या गावातून जातो, कृष्णा नदी जवळून वाहते. रुळांवर किंवा नदीकाठी अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. बघ्यांमध्ये मात्र वेगळीच चर्चा सुरू होते: 'आपला की त्यांचा?' कपडे, दाढी, गोंदण पाहून लोक उत्तरही देऊन टाकतात. रक्त तपासलं तर कळेल, असंही कुणी म्हणतं. खरंच कळतं का?

आधी रक्तगट पाहू. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत तो फक्त फिल्टर आहे. बेपत्ता माणसाचा गट खात्रीने ए असेल आणि मृतदेहाचा बी निघाला, तर तो माणूस हा नव्हे. पण दोन्ही बी निघाले म्हणून तो तोच, असं होत नाही. बी गटाची माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

रक्तगटावरून नातं ठरवताना तर अधिकच जपावं लागतं. आई-वडील दोघेही ओ असतील तर मूल ए किंवा बी नसतं, असं आपण शाळेत शिकतो. पण १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ गट शोधला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. ए आणि बी ज्यावर तयार होतात तो एच घटकच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो. त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ दिसतात. मात्र ए किंवा बीचं जनुक त्यांच्यात दडलेलं असू शकतं आणि ते मुलांकडे जातं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. तेव्हा नुसतं रक्तगटाचं कार्ड पाहून एखाद्या आईवर संशय घेणं हा अन्याय आहे.

आता वंशाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड या दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचं रक्त तपासलं. भारतीय सैनिकांत बी गट जास्त दिसला. पण हे समूहाचं प्रमाण झालं. एकट्या माणसाचा देश त्यावरून सांगता येत नाही, धर्म तर नाहीच. धर्माचं जनुक नसतं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीत राहिलेल्या शेजाऱ्यांचे पूर्वजही बहुधा त्याच मातीतले असतात.

मग ओळख पटते कशी? डीएनए चाचणीने, आणि त्यासाठी नातेवाईक पुढे यावे लागतात. मुलाचा निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातात मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. तेव्हा आई-वडील, मुलं, भावंडं यांनी नमुने दिले आणि बहुतेकांची ओळख त्यातून पटली. अमेरिकेत २०१८ साली 'गोल्डन स्टेट किलर' सापडला, तोही दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून वंशावळ जुळवत जाऊन.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. घरातलं कुणी बेपत्ता झालं तर अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका, ताबडतोब पोलीस ठाण्यात नोंद करा. जखमा, दातांवरचे उपचार, शस्त्रक्रियेच्या खुणा सांगा, अलीकडचा फोटो द्या. गरज पडली तर आई, वडील किंवा मुलाचा नमुना द्यायला तयार राहा. आणि अनोळखी मृतदेहाभोवती 'आपला की त्यांचा' सुरू झालं, तर तिथे उभं राहून सांगा: तो कुणाच्या तरी घरचा आहे, आधी ते घर शोधू या.