सोरायसिस : पाठ आणि पारख

वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या टाचणवहीत सोरायसिसला जेमतेम एक पान मिळते. कोबनर, ऑस्पिट्झ, मन्रो अशा परकीय नावांची रांग तेथे असते. ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते आणि पुढे विस्मरणात जाते. वास्तविक यांतील प्रत्येक नाव म्हणजे रोग्याच्या अंगावर वाचावयाची एक खूण आहे.

ही खूण वाचता येणे छत्तीसगडात विशेष अगत्याचे ठरते. भिलाईस १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. मराठी कुटुंबेही आली. ज्या प्रदेशात ती स्थिरावली, तेथे कुष्ठरोग अद्याप पुरता हटलेला नाही. चांपा येथे १९६२ साली कुष्ठसेवेची संस्था उभारणारे सदाशिवराव कात्रे स्वतः त्या रोगाचे रुग्ण होते. अशा मुलखात एखाद्या कामगाराच्या कोपरावर चट्टा दिसला, की शेजारी कुजबुजतात आणि त्याचे ताट वेगळे होते. युरोपातही हे दोन रोग दीर्घकाळ एकच मानले जात. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी ते निःसंदिग्धपणे वेगळे केले.

मग पारख कशी करावी? कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो. सोरायसिसच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असते. त्याची कड स्पष्ट आणि वर रुपेरी पापुद्रे असतात. सावळ्या कातडीवर मात्र त्याची लाली जांभळट वा तपकिरी भासते, हे पाश्चात्त्य ग्रंथांतील चित्रांवरून उमगत नाही. पापुद्रे हलकेच खरवडले, तर मेणबत्तीच्या मेणासारखे सुटतात आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. हीच ऑस्पिट्झची खूण. कातडीच्या पेशी एरवी सुमारे चार आठवड्यांत वर येतात. येथे त्या चारपाच दिवसांतच येतात. रक्तवाहिन्यांवरील आवरण जागोजाग पातळ होते, म्हणून रक्त दिसते. कारण कळले, की खूण पाठ करावी लागत नाही. अवजाराच्या घर्षणाने जेथे खरचटले, नेमका तेथेच नवा चट्टा उठला, तर तो कोबनरचा प्रकार होय. मन्रोचे नाव सूक्ष्मदर्शकाखाली भेटते. कातडीच्या वरच्या थरात साठलेल्या श्वेतपेशींचे ते सूक्ष्म गळू. नखांवरील खळगे व सांध्यांची सूजही विचारून घ्यावी.

उपचाराच्या ओळी तर अधिकच जपून वाचाव्यात. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील पथकाने घडविलेले अमिनोप्टेरिन १९५१ मध्ये या रोगावर गुणकारी आढळले. त्याचेच भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. या रोगात ते आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेले, तर रक्त घडविणारी अस्थिमज्जा खचते आणि प्राणावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वार ठळक अक्षरांत लिहावा, तो रोग्याकडून वदवून घ्यावा. पोटात घ्यावयाचे स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास सर्वांगी पुवाळलेले फोड उठू शकतात, हेही प्रश्नपत्रिकेपुरते राहू नये.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. तो पुरता जात नसला, तरी आटोक्यात राहतो. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने या रोगातील सामाजिक अवहेलनेची दखल ठरावाने घेतली. परंतु शेजाऱ्यांची कुजबूज ठरावाने थांबत नाही. वैद्याने चारचौघांत रोग्याचा हात निःशंकपणे हाती घेतला, तर घरच्यांना त्याचे ताट पुन्हा पंगतीत मांडावेसे वाटेल.