जागल किती वावराची?

(भंडारा येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'दवाखान्यातल्या नर्सेसची संख्या आणि कायदा' असा विषय छापलेला पाहून वर्ध्याकडून आलेल्या एका भावानं सकाळी मला विचारलं, "भाऊ, कापसाचं सोडून हे काय काढलं?" त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मी शेतकीचा पदवीधर. बोंडअळीवर, ज्वारीच्या खोडमाशीवर दोन तास उभा राहून बोलेन. दवाखान्यातलं मला काही शिकवलेलं नाही. पण बैठक भंडाऱ्यात आहे. इथं येऊन हा विषय न काढता परत जाणं मला जमलं नाही.

९ जानेवारी २०२१ ची रात्र इथल्या लोकांना सांगायला नको. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. इथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात रात्री दीड-दोनच्या सुमारास आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. काही भाजून, बहुतेक धुरानं गुदमरून. कमी वजनाची, दिवस न भरलेली, खेड्यापाड्यांतून आणलेली लेकरं. आया बाहेर होत्या, कारण त्या खोलीत आईला राहू देत नाहीत. लेकरू सिस्टरच्या हवाली करून आई बाहेर बसते.

चौकशी झाली. वॉर्मरमध्ये शॉर्टसर्किट झालं, आग विझवायची धड व्यवस्था नव्हती, त्यावेळी बाळांच्या खोलीत कोणी हजर नव्हतं, असे ठपके आले. जानेवारी संपायच्या आत जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, कंत्राटी माणसांच्या सेवा संपवल्या. फेब्रुवारीत दोन नर्सेसवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला.

आग नर्स कमी असल्यामुळं लागली असं मी म्हणत नाही. आग वायरीनं लागते. हजर असायला हवं ते माणूस हजर नसेल तर ती चूकच आहे. त्या दहा आयांसमोर मी वेगळं काही बोलू शकणार नाही. पण चौकशीच्या सगळ्या गोंधळात एक प्रश्न मोठ्यानं कोणी विचारला नाही, आणि तो आपणा शेतकऱ्यांना लगेच सुचायला पाहिजे.

ज्वारी निसवली की तुम्ही रात्री जागलीला जाता. एक माणूस, एक बॅटरी, एक डबा वाजवायला. तो चार-पाच एकर राखतो. त्याच माणसाला चाळीस एकर द्या. तो ह्या धुऱ्यावर आरोळी ठोकेल तेव्हा त्या धुऱ्यावर रानडुकरं शिरलेली असतील. सकाळी नासाडी पाहून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि तो झोपला असेल तर त्या त्याला लागूही पडतील. पण एका माणसाच्या भरवशावर चाळीस एकर सोडली कोणी, हे विचाराल की नाही?

आता हिशेब करा. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा बाळांच्या विभागात दर पाळीला ३ ते ४ बाळांमागं एक नर्स असावी. १७ बाळांना एका पाळीला निदान ५ जणी झाल्या. तीन पाळ्यांच्या १५. आठवड्याची सुटी, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठी तीस टक्के जादा धरायच्या, तर वीसेक. एका खोलीसाठी वीस नर्स! ऐकणाऱ्याला आकडा फार वाटतो. बी-भरणाचा खर्चही पहिल्यांदा जोडला की असाच फार वाटतो.

साध्या वॉर्डासाठीही आकडा आहे. भारतीय परिचर्या परिषदेची शिफारस जिल्ह्याच्या दवाखान्यात ५ रोग्यांमागं एक नर्स, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि वर रजेसाठी तीस टक्के जादा. म्हणजे आकडा नाही असं नाही. आकडा आहे, फक्त तो शिफारस आहे. शिफारस आणि कायदा यांत काय फरक असतो हे आधारभूत किमतीच्या खाली कापूस विकलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

मग महाराष्ट्रात कायदा नाही का? आहे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याचे नियमही सुधारले. नर्सेसचं 'योग्य प्रमाण' नसेल तर नोंदणी नाकारता येते असं त्यात लिहिलेलं आहे. पण तो खाजगी दवाखान्यांसाठी. सरकारनं चालवलेले दवाखाने त्यातून वगळले आहेत. दुसऱ्याच्या वावरात किती मजूर लावायचे ते सांगणारा पाटील स्वतःच्या वावराला हिशेबाबाहेर ठेवतो, तसं हे झालं. आणि खेड्यातला माणूस जातो तो त्या वगळलेल्या दवाखान्यातच.

यात आपला संबंध किती जवळचा आहे ते कपाशीवाल्यांना सांगतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. माझा एक चुलत भाऊ त्याआधी काही वर्षं असाच पडला होता. त्याला घेऊन मी एका सरकारी दवाखान्यात रात्र काढली; दवाखान्याचं नाव सांगत नाही. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं अंगात गेली की डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, तोंडाला फेस येतो, छाती घरघरते. त्यावर अॅट्रोपीन देतात. किती द्यायचं हे चिठ्ठीवर एकदा लिहून भागत नाही. सुरुवातीला दर पाच-पंधरा मिनिटांनी नाडी, बाहुली, छाती पाहायची आणि त्यावर मात्रा कमी-जास्त करायची. कमी पडली तर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो, जास्त झाली तर भ्रम होतो. डॉक्टर हे एकदा ठरवून जातो. पाहत राहायचं काम नर्सचं.

त्या रात्री वॉर्डात चाळीसच्या वर रोगी, त्यातले काही खाली सतरंजीवर, आणि सिस्टर एक. बिचारी पळत होती. शेवटी तिनं मला नाडी कशी मोजायची ते दाखवलं, बॅटरीनं बाहुली कशी बघायची ते दाखवलं, आणि म्हणाली, "दादा, पंधरा-पंधरा मिनिटांनी बघा, फरक वाटला की हाक मारा." शेजारच्या खाटेवरही फवारणीचाच रोगी होता. त्याच्याजवळ त्याची म्हातारी आई, तिला घड्याळ कळत नव्हतं. मी दोघांची नाडी मोजत बसलो. पहाटे मला डुलकी लागली. अर्धा तास असेल, जास्तही असेल.

दोघंही वाचले. नसते वाचले, तर मला कोणी काही विचारलं नसतं. निलंबित ती सिस्टर झाली असती.

बाहेरच्या देशांनी हा हिशेब घालून पाहिला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या दवाखान्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सच्या वाट्याला जेवढा एकेक रोगी जास्त, तेवढी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मरणाची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून लागू केला. साध्या वॉर्डात आता ५ रोग्यांमागं एक, अतिदक्षतेत दोघांमागं एक. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं २०१६ मध्ये काही सरकारी दवाखान्यांत किमान संख्या ठरवली. तिथं मृत्यू घटले, शिवाय रोगी लवकर घरी गेले आणि परत कमी आले. त्यातून जे वाचलं ते जादा नर्सेसच्या पगाराच्या दुपटीहून जास्त होतं. म्हणून खर्चाचं कारण मला फारसं पटत नाही.

दुसरी दोन कारणं मात्र वजनदार आहेत, ती मी टाळत नाही.

पहिलं तुमच्याच तोंडून ऐकलं आहे: "अजून एक कायदा, अजून एक इन्स्पेक्टर, अजून एक पाकीट." तालुक्याच्या गावी दहा खाटांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरवर उद्या मोठ्या शहराचं प्रमाण लादलं, तर तो एक तर कुलूप लावेल, नाही तर दहावी झालेल्या पोरीला पांढरा कोट घालून रजिस्टरात नर्स म्हणून दाखवेल. दोन्हीत नुकसान आपलंच. म्हणून माझं मत असं की कायद्यानं आधी सरकारला बांधावं, खाजगीला नंतर, खाटांच्या हिशेबानं आणि मुदत देऊन. आपल्या संघटनेतल्या काही मित्रांना हेही मान्य नाही, ते मला माहीत आहे.

दुसरं कारण रिकाम्या पदांचं. कायद्यात आकडा लिहिला आणि पदं भरलीच नाहीत, तर काय? पेरणीत नांगे पडले तर आपण आठ-दहा दिवसांत भरतो, नंतर भरलेलं रोप दबून जातं. सरकार वर्षानुवर्षं नांगे ठेवतं आणि कंत्राटावर तात्पुरती माणसं उभी करतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ४८ तासांत ३१ रोगी गेले, त्यांत नवजात बाळं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि माणसं कमी, रोगी जास्त, हे कारण सरकारनं सांगू नये असं सुनावलं. कोर्टाला हे सुनावावं लागतं, कारण पद रिकामं ठेवणं हा आज कोणाचाच गुन्हा नाही.

कायद्यात मला पाहिजे ते एवढंच. दर पाळीला वॉर्डाच्या दारावर खडूनं लिहा: आज रोगी इतके, नर्स इतक्या, पाहिजेत इतक्या. नर्सनं कमतरता लेखी कळवली की त्या रात्रीची जबाबदारी तिच्या डोक्यावरून उतरून पद न भरणाऱ्याच्या डोक्यावर जावी. फळ्यावरचा आकडा वाचायला इन्स्पेक्टर लागत नाही. रोग्याबरोबर आलेला कोणीही वाचेल.

कायदा मुंबईत व्हायचा तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तीन आकडे मागा: खाटा किती, नर्सेसची मंजूर पदं किती, भरलेली किती. भरलेल्यांत कायम किती आणि कंत्राटी किती, तेही विचारा. आणि गेल्या महिन्याचा रात्रपाळीचा तक्ता मागा; खरं काय ते त्यात सापडतं. अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. पुढची बैठक त्यानंतरच ठेवू, येताना उत्तराचा कागद घेऊन या.